सतरावी ओळ

बोरीचा पूल ओलांडला
की जुवारीपलीकडे सा चा दो होतो.
मी पेटीवाला माणूस. देवळातल्या भजनाला साथ करणारा.
तरी लोटलीच्या चॅपेलमधली वही माझ्याकडे आली,
कारण दोन्ही काठांवर मिळून
संगणकापुढे बसून राहायची चिकाटी
म्हणे माझ्यातच आहे.

मेस्त पोंसियानची वही. तपकिरी पडलेली शाई,
वाळवीने चाखलेला समास,
आणि उपासाच्या चाळीस दिवसांतले मोटेट,
तीन आवाजांचे, व्हायोलिनसकट.

सूर अक्षरांनी टंकायचे. मोठा सी, धाकटा सी,
खालच्या सप्तकाला स्वल्पविराम,
वरच्याला डोक्यावर टिकली.
म्हणजे आपल्या सारेगमच्या बिंदूंचेच मावसभाऊ.
आणि विसाव्यासाठी झेड.
मुळाक्षरांत सगळ्यात शेवटी उभा राहणारा
इथे नुसता गप्प बसायच्या कामावर लागलाय.
त्याचं मला बरं वाटलं.

मग तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली.

पहिलं फक्त दाखवतं.
माझ्या ओबडधोबड अक्षरांच्या त्याने
पाच रेघांवर अशा काही चिमण्या बसवल्या
की लग्नपत्रिका छापायला द्यावी.
पण मुकं. कितीही वेळ बघा.

दुसरं वाजवतं.
पोस्टातला कारकून शिक्के मारतो तसं,
एकही शिक्का हलका नाही, एकही जड नाही.
श्वास घेत नाही. घ्यायला विसरतही नाही.
तरी ऐकताना बायको स्वयंपाकघरातून म्हणाली,
हे कुणाचं मयत?
म्हणजे काहीतरी पोचत होतं.

तिसरं दुरुस्ती करू देतं.
टंकलं की लगेच दिसतं, क्लिक केलं की तिथूनच वाजतं,
आणि चुकलं की लाल.
सतराव्या ओळीखाली लाल.
चारचं घर आणि मात्रा पाच.
मी वही भिंगाखाली धरली. पाचच.
दुसऱ्या आवाजात पाच, तिसऱ्यात पाच,
व्हायोलिनलाही पाच.
एवढा हिशेबी माणूस
चार वेळा एकच चूक करेल?
लाल रेघ विचारत राहिली, काढून टाकू?

लिबोरियो शिंप्याकडे गेलो.
मेस्ताच्या हाताखाली गायलेल्यांतला
आता तोच गावात.
मोबाइल त्याच्या मशीनवर ठेवला,
दोऱ्याच्या रिळांमध्ये, आणि लावलं.
तो पायाने पट्टा हलवत ऐकत होता.
सतराव्या ओळीला पाय थांबला,
एक मात्रा,
आणि पुन्हा चालू.
म्हणाला, "थंय पांवडो आसा मरे."

संध्याकाळी एकटाच चालून पाहिलं.
चॅपेलच्या दारापासून मोटेट मनात म्हणत,
पुर्सांवाच्या चालीने, मात्रेला एक पाऊल,
मळ्याच्या कडेने, क्रुसाच्या वळणावरून.
सोळा ओळी सपाट गेल्या.
मग जांभ्या दगडाची एक पायरी, गुडघ्याएवढी,
खांद्यावर मूर्ती घेतलेल्या चौघांनी
एकदम चढायची.
पाचव्या मात्रेवर
माझाही पाय वर होता.

घरी येऊन तीनही पुन्हा उघडली.
पहिल्यात पायरी दिसत नाही.
दुसऱ्यात ठेच लागल्यासारखी वाजते.
तिसरं अजून विचारतंय, काढून टाकू?

शेवटी चौथं उघडलं,
जे संगणकाबरोबर फुकट येतं, ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही.
साधी वही. साधी अक्षरं.
सतराव्या ओळीच्या वर टक्क्याची खूण टाकली;
तिच्यापुढचं कोणी वाजवत नाही,
छापत नाही, चूकही धरत नाही.
तिथे लिहिलं:
इथे पायरी आहे. सावकाश.

लाल रेघ तशीच ठेवली.
लिबोरियोने रिळांमागून
आणखी दोन वह्या काढून दिल्यात.
एकीत सहा मात्रांचं घर आहे.
तिथे काय असेल
ते त्यालाही आठवत नाही.